गोल पार्ट असेंब्लीत जुळत नाही, मेट लाल होतेय: काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने

मी भोसरीत सॉलिडवर्क्सवर, म्हणजे थ्रीडी मॉडेल काढायच्या कॅड सॉफ्टवेअरवर, काम करतो. पंप-मोटरचे स्किड (एकाच चौकटीवर बसवलेला सेट), थोडं पाइपिंग, मधेच कुणाचं तरी फिक्श्चर (मशीनवर पार्ट धरायचं साधन), असं सगळं मिक्स. गोल पार्ट जुळत नाही आणि मेट (दोन पार्ट एकमेकांना कसे बसायचे याची अट) लाल होते, हा एकच प्रॉब्लेम मी आठवड्यातून दोन-तीनदा सोडवतो, कधी माझ्या मॉडेलमध्ये, बऱ्याचदा बाजूच्या टेबलवर. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

लक्षणं आधी. यातलं एकही तुमच्याकडे होत नसेल तर तुमचं दुखणं वेगळं आहे, इथे वेळ घालवू नका.

- फ्लँज (पाइप जोडायची भोकांची चकती), कपलिंग, बेअरिंग हाउसिंग, काहीही गोल. मधल्या बोअरवर (मधल्या मोठ्या भोकावर) कॉन्सेंट्रिक मेट दिली, म्हणजे दोन्हींचे अक्ष एकच कर असं सांगितलं, बसलं, पण बोल्टची भोकं समोरासमोर येत नाहीत. माउसने ओढलं की पार्ट जात्यासारखा गरगर फिरतो.
- फिरू नये म्हणून एका बोल्टच्या भोकावर दुसरी कॉन्सेंट्रिक दिली आणि लगेच लाल. कधी ही लाल होतच नाही, कालपर्यंत शहाण्यासारखी वागणारी तिसरीच कुठलीतरी जुनी मेट पिवळी होते.
- पार्ट उलटा बसतो, फ्लँजचा रेझ्ड फेस (मधला थोडा उचललेला भाग) बाहेर आणि पाठ आत.
- भोकाचा फेस सिलेक्ट होतो पण कॉन्सेंट्रिकचा पर्यायच मिळत नाही.
- वरून बघताना सगळं सेंटरला, सेक्शन (छेद) काढला की एका बाजूला चंद्रकोरीसारखी बारीक फट.
- सप्लायरची नवीन रिव्हिजनची फाइल टाकली आणि काल ठीक असलेल्या सगळ्या मेट तुटल्या.

बटणांची नावं सॉलिडवर्क्सची देतोय. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर शेवटाकडे थोडं लिहिलंय, कारण तेच आहेत फक्त नावं बदलतात.

एक पैसा न लागणारे तपास

पहिलं, कंट्रोल+क्यू. हसू नका. कंट्रोल+बी ने जेवढं बदललंय तेवढंच रिबिल्ड होतं, क्यू ने सगळं पहिल्यापासून होतं, आणि बरेचदा लाल दिसतंय ते जुनं शिळं एरर असतं. माझ्या अंदाजाने दहातल्या एका वेळी इथेच काम संपतं.

दुसरं, डाव्या बाजूच्या ट्रीमध्ये पार्टच्या नावाआधी कंसात काय लिहिलंय ते बघा. इंग्रजी एफ असेल तर पार्ट फिक्स आहे, उणे चिन्ह असेल तर अजून मोकळा आहे, अधिक असेल तर ओव्हर डिफाइन्ड, म्हणजे एकमेकींशी न पटणाऱ्या जास्तीच्या मेट. असेंब्लीत पहिला टाकलेला पार्ट आपोआप फिक्स होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण कुणीतरी काम करता करता 'हलू नये' म्हणून दुसऱ्यालाही फिक्स करून ठेवलेलं असतं आणि मग दोन्ही खिळे ठोकलेले पार्ट एकमेकांना जुळवायला आपण मेट देत बसतो. ती लाल होणार नाही तर काय. राइट क्लिक, फ्लोट, झालं.

तिसरं, तुम्ही जे हलवू बघताय ते सबअसेंब्लीच्या आत आहे का? हायड्रॉलिक सिलिंडर हा यातला नेहमीचा गिऱ्हाईक. सिलिंडरची सबअसेंब्ली टाकली, रॉडच्या टोकाच्या डोळ्याला पिन बसवायची आहे, पण सबअसेंब्ली बाय डिफॉल्ट रिजिड असते म्हणजे रॉड आतबाहेर होतच नाही, अख्खा सिलिंडर एकच दगड असल्यासारखा वागतो. कंपोनंट प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फ्लेक्झिबल करा, रॉड सरकेल आणि मेट बसेल.

चौथं, आणि हे मी सगळ्यात जास्त वापरतो: पार्ट हाताने हलवून बघा. डाव्या बटणाने ओढलं की सरकतो, उजव्या बटणाने धरून ओढलं की फिरतो. का बघायचं, तर मोकळ्या वस्तूला सहा हालचाली असतात, तीन सरकायच्या तीन फिरायच्या. कॉन्सेंट्रिक मेट त्यातल्या चार खाते. उरतात दोन: अक्षावरून आतबाहेर सरकणं आणि अक्षाभोवती फिरणं. मग फेसला फेस कोइन्सिडंट (दोन फेस एका पातळीत टेकवणारी मेट) दिली की सरकणं संपलं. आता फक्त एकच उरली, फिरणं. हे डोक्यात ठेवा, अर्ध्या पोस्टचा खेळ त्या उरलेल्या एका हालचालीवरच आहे. हलवून बघितल्यावर पार्ट नुसता फिरत असेल तर सगळं बरोबर चाललंय, तुम्ही फक्त काम पूर्ण केलेलं नाही. तो अजिबात हलत नसेल आणि तरी भोकं जुळत नसतील तर चुकीची मेट आधीच बसलेली आहे, नवीन देऊन उपयोग नाही.

उलटा बसतोय

अलाइन आणि अँटी-अलाइन, मेटच्या प्रॉपर्टीत दोन छोटी बटणं असतात, दुसरं दाबा. यात फार काही नाही. फक्त एक, मेट उलटी करण्याआधी पार्ट हाताने साधारण बरोबर दिशेला वळवून घ्या, कारण सॉफ्टवेअर जवळची स्थिती पकडतं, तुम्ही पार्ट ज्या तोंडाने ठेवलाय त्याच तोंडाने बसवायला बघतं. ऑल्ट धरून गोल कडेवरून गोल कडेवर ओढलंत तर कॉन्सेंट्रिक आणि कोइन्सिडंट दोन्ही एकदम लागतात, आणि सोडायच्या आधी टॅब दाबलं की पार्ट उलटतो. बोल्ट-वॉशर टाकताना याने फार वेळ वाचतो.

तुम्ही नक्की काय सिलेक्ट केलंय?

झूम करून बघा. भोकाच्या तोंडाला चॅम्फर (तिरकी कापलेली कड) असतो, तो सिलिंडर नसून शंकू असतो. त्याचा अक्ष बहुतेक वेळा भोकाच्याच अक्षावर असतो पण 'बहुतेक वेळा' म्हणजे नेहमी नव्हे, कुणी चॅम्फर वेगळ्या स्केचने फिरवून काढला असेल तर तो थोडा बाजूला असू शकतो. कडा सिलेक्ट करत असाल तर भोक तिरक्या फेसवर उघडतंय का बघा, तिथे कडा वर्तुळ नसते, लंबगोल असते. सगळ्यात भरवशाचं म्हणजे भोकाच्या आतला दंडगोल फेस, किंवा व्ह्यू मेन्यूतून टेम्पररी अॅक्सिस चालू करायचे आणि थेट निळी अक्षरेषा पकडायची.

टेम्पररी अॅक्सिस चालू केल्यावर एखाद्या भोकातून रेषा येतच नसेल तर तिथेच थांबून ते लिहून ठेवा. त्याचं खाली येतंय, इम्पोर्टवाल्या भागात.

जी लाल आहे तीच चोर असते असं नाही

मेट फोल्डरमध्ये लाल गोल म्हणजे ती मेट बसलीच नाही, पिवळा त्रिकोण म्हणजे बसली आहे पण असेंब्ली ओव्हर डिफाइन करतेय. नवखी पोरं लाल दिसली की डिलीट करतात, मग दुसरी लाल होते, ती पण डिलीट, संध्याकाळपर्यंत असेंब्लीचा खुळखुळा होतो.

डिलीट करायचं नाही, सप्रेस (तात्पुरतं बंद) करायचं. शेवटच्या मेटपासून मागे एकेक सप्रेस करत या आणि कुठली सप्रेस केल्यावर सगळं शांत होतं ते बघा. मग ती परत चालू करून तिच्या अगोदरचीच सप्रेस करून बघा. दोन्ही वेळा शांत होत असेल तर भांडण या दोघींचं आहे, आणि कोण खरी कोण खोटी हे सॉफ्टवेअर नाही ठरवणार, तुम्ही ठरवायचं. टूल्समध्ये मेटएक्सपर्ट म्हणून आहे, तो एकमेकींशी न पटणाऱ्या मेटचा गट काढून देतो. मोठ्या असेंब्लीत बरा पडतो, पंधरा-वीस मेट असतील तर हातानेच लवकर होतं.

मेजर करा, पण दशांश वाढवून

हा तपास लोक करतात आणि फसतात. मेजर टूलमध्ये दोन्ही पार्टवर बोअरच्या सेंटरपासून बोल्टच्या भोकाच्या सेंटरपर्यंत अंतर घेतात, दोन्हीकडे ६०.३३ दिसतं, म्हणतात सेम आहे तरी का लाल होतंय. अहो, डिस्प्लेला दोनच दशांश ठेवलेत. मेजरच्या सेटिंगमध्ये जाऊन पाच-सहा दशांश करा. एकीकडे ६०.३२५०० निघतं आणि दुसरीकडे ६०.३२५४१.

तुम्ही म्हणाल अर्ध्या मायक्रॉनहून कमी फरकाने काय होतंय. मशीनवर काहीच होत नाही. पण सॉलिडवर्क्सच्या पोटात पॅरासॉलिड कर्नल (भूमितीचं गणित करणारं इंजिन) आहे आणि त्याची लांबीची अचूकता १० चा उणे ८ वा घात मीटर, म्हणजे ०.००००१ मिलिमीटर. तुम्हाला जो फरक धूळ वाटतो तो त्याला डोंगर दिसतो. तुम्ही त्याला सांगता 'दोन्ही अक्ष एकच', तो म्हणतो नाहीत, विषय संपला.

दुसऱ्या भोकाची गोष्ट

आता मुख्य दुखणं. वर सांगितलं तसं बोअरवर कॉन्सेंट्रिक आणि फेसवर कोइन्सिडंट दिल्यावर एकच हालचाल उरते. मग आपण बोल्टच्या भोकावर परत कॉन्सेंट्रिक देतो. ती चार हालचाली खायला आलेली असते, ताटात एकच उरलेली. बाकीच्या तीन गोष्टी आधीपासून तंतोतंत जुळत असतील तरच ती गप्प बसते: अक्ष दोन्ही दिशांनी समांतर, आणि बोअर ते भोक अंतर दोन्ही पार्टवर अगदी सारखं. दोन्ही पार्ट तुम्हीच काढले असतील, स्वच्छ आकड्यांनी, तर जमतं, म्हणून कॉलेजात हीच पद्धत शिकवतात आणि तिथे कधी लाल होत नाही. बाहेरच्या फाइल आल्या की फुटतं.

मला हे कळलं ते कॉम्प्युटरवर नाही. माझ्या सुरुवातीच्या नोकरीत एक ड्रिल फिक्श्चर काढलं होतं, जॉबला लोकेट करायला दोन डॉवेल पिन, दोन्ही गोल, दोन्ही भोकांत घट्ट. शॉपमधल्या फिटर मामांनी ड्रॉइंग हातात घेतलं, दोन बोटं त्या दोन पिनांवर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, दोन्ही गोल केल्या तर पहिला जॉब बसंल, दुसरा बसायचा न्हाय, आन बसलेला निघायचा न्हाय." मग ड्रॉवरमधून एक पिन काढून दाखवली, दोन बाजूंनी घासलेली, डायमंड पिन. गोल पिन जागा धरते, डायमंड पिन फक्त फिरणं अडवते, आणि दोन भोकांमधलं अंतर थोडं कमीजास्त असलं तर त्या दिशेला ती जागा सोडते. फिक्श्चरवाल्यांना हे पाळण्यातच माहीत असतं. आपण कॅडवाले मात्र रोज दुसरी गोल पिन ठोकतो आणि मेट लाल का होते विचारतो.

तर दुसऱ्या भोकाला डायमंड पिन द्यायची. मी कसं करतो ते:

पार्ट उघडून एक प्लेन बनवायचं, बोअरचा अक्ष आणि एका बोल्टच्या भोकाचा अक्ष दोन्हीतून जाणारं. रेफरन्स जॉमेट्रीतून प्लेन, पहिला रेफरन्स बोअरचा टेम्पररी अॅक्सिस, दुसरा भोकाचा. समोरच्या पार्टमध्येही तसंच. असेंब्लीत त्या दोन प्लेनना पॅरलल मेट द्या. ती फक्त कोन मागते, अंतराची चौकशीच करत नाही. ६०.३२५ असो नाहीतर ६०.३५, तिला देणंघेणं नाही. प्लेन बनवायचा कंटाळा असेल तर एकाच पार्टमध्ये बनवा आणि दुसऱ्या पार्टच्या भोकाचा अक्ष त्या प्लेनवर कोइन्सिडंट करा, ते पण चालतं. पॅरलल मेट १८० अंशात उलटी बसू शकते, चार सारख्या भोकांत फरक पडत नाही, पण पार्टवर कीवे (चावीची खाच) किंवा ड्रेनचं तोंड असेल तर नजर टाका.

पार्टचं मूळचं राइट प्लेन-फ्रंट प्लेन वापरू का असं विचारतात. स्वतः काढलेला पार्ट असेल तर वापरा. सप्लायरच्या फाइलमध्ये ती प्लेनं कुठेही असतात. आणि फ्लँजमध्ये तर भोकं सेंटरलाइनवर नसतातच, सेंटरलाइनच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली असतात. चार भोकांच्या फ्लँजला याचा अर्थ प्लेनपासून ४५ अंश. कुणी एकाने भोक प्लेनवर काढलेलं असलं की दोन्हीची प्लेनं जुळवून तुम्ही भोकं ४५ अंशांनी चुकवाल, तीही एकही मेट लाल न होता.

२०१८ पासून सॉलिडवर्क्समध्येच यासाठी सोय आलीय: दोन्ही भोकांवर कॉन्सेंट्रिक द्यायच्या आणि मिसअलाइनमेंट अलाव करायची, मग तो पहिली जुळवायची, दुसरी जुळवायची की फरक दोघांत वाटायचा हे विचारतो आणि किती फरक आहे तेही दाखवतो. चांगली आहे. पण मी शेवटच्या क्षणी वापरतो, कारण दाखवलेला आकडा कुणी बघत नाही, आणि खरोखर चुकीचा पार्ट आला असला तरी तीही चूक त्यात लपून जाते.

आणि लॉक रोटेशन. कॉन्सेंट्रिकच्या खालीच ते बटण असतं, दाबलं की फिरणं बंद, सगळे खूश. बोल्ट, नट, वॉशरला बिनधास्त दाबा, षटकोन कुठे वळलाय याने कुणाचं काही जात नाही. फ्लँजला दाबू नका. ते पार्टला जिथे आहे तिथेच गोठवतं, आणि तुम्ही डोळ्याने जुळवलेलं असतं. ६० मिलिमीटर त्रिज्येवर ०.७ अंश चुकला म्हणजे भोक पाऊण मिलिमीटर बाजूला. स्क्रीनवर दिसत नाही, ड्रॉइंगवर उतरतं.

एक खरं उदाहरण देतो. मागे एक स्किड रिलीज करायचा होता, संध्याकाळी साडेसहाला पोरगा आला, पंपाच्या सक्शनला फ्लँज लागत नाही. २ इंची, १५० क्लास (फ्लँजचा दाबाचा वर्ग). पंपाचं मॉडेल इंचात केलेलं, पीसीडी (बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) पावणेपाच इंच म्हणजे १२०.६५ मिलिमीटर. आमच्या लायब्ररीतला फ्लँज मिलिमीटरच्या टेबलवरून केलेला, टेबलमध्ये छापलेलं असतं १२०.७. त्रिज्येत फरक ०.०२५ मिलिमीटर. पोराने दुपारपासून चार वेगवेगळे फ्लँज डाउनलोड करून बघितले होते, आणि शेवटी तो पंपाच्या मॉडेलमधली भोकं सरकवायच्या बेतात होता. तिथे भोक १९ मिलिमीटरचं आणि बोल्ट ५/८ इंच, म्हणजे १५.८७५. तीन मिलिमीटरच्या वर मोकळीक आहे तिथे आपण ०.०२५ साठी ऑफिसात बसून होतो. दुसरी कॉन्सेंट्रिक काढली, प्लेन पॅरलल केलं, सातला चहा.

मोकळीक किती असते याचा अंदाज पाहिजे असेल तर आयएसओ २७३ (बोल्टच्या भोकांचं मानक) ची मधली मालिका पाठ करून टाका: एम १० बोल्टला ११ मिलिमीटरचं भोक, एम १२ ला १३.५, एम १६ ला १७.५. तुमचा फरक या मोकळिकीच्या पासंगालाही पुरत नसेल तर मेटची पद्धत बदला, पार्ट नका बदलू. फरक या मोकळिकीएवढा किंवा जास्त असेल तर मात्र मेट तुम्हाला खरं सांगत होती.

इम्पोर्ट केलेली फाइल

टेम्पररी अॅक्सिस न आलेलं भोक आठवतंय? त्यावर मेजर करून बघा. त्रिज्या किंवा व्यास दाखवत नसेल तर ते भोक गोल दिसतंय पण सॉफ्टवेअरच्या लेखी गोल नाही, ती एक वळवलेली स्प्लाइन (मुक्त वक्र) पृष्ठभागाची चादर आहे. तिला अक्ष नसतो, मग कॉन्सेंट्रिक कशावर लावणार. एका कॅडमधून दुसऱ्यात न्यायच्या फाइलींपैकी आयजीईएसमधून हे सगळ्यात जास्त येतं, स्टेपमध्ये कमी. काही वेळा भोक दोन अर्ध्या फेसमध्ये येतं, ते चालतं, फक्त दोन्ही अर्ध्यांचा अक्ष एकच आहे ना ते मेजर करा.

स्वस्तातला उपाय, सप्लायरला फोन करून पॅरासॉलिड किंवा मूळ फाइल मागायची. पाच मिनिटांचं काम, पण आपल्याकडे लोकांना मागायला संकोच वाटतो आणि तीन तास रिपेअर करत बसतात. नाही मिळाली तर इम्पोर्ट डायग्नॉस्टिक्स चालवा, फाटलेले फेस तो बरेचदा शिवतो, स्प्लाइनचा सिलिंडर करून देईलच असं नाही. तेही नाही जमलं तर भोकाच्या सपाट तोंडावर स्केच घ्या, कडेवरचे तीन बिंदू पकडून वर्तुळ काढा, सेंटर मिळाला. त्या सेंटरमधून फेसला लंब असा रेफरन्स अॅक्सिस काढा आणि इथून पुढे सगळ्या मेट त्या अॅक्सिसवर. सप्लायरची नवीन रिव्हिजन आली की फेस बदलतात आणि मेट तुटतात, तुमचा स्वतःचा अॅक्सिस असेल तर एका जागी दुरुस्त करून भागतं.

पार्ट आल्या आल्या एक लांबी मोजायची सवय लावा. सगळं २५.४ पट मोठं किंवा लहान असेल तर इंच-मिलिमीटरचा घोळ आहे, मेटचा काही दोष नाही.

एसटीएल फाइल असेल तर वेळ घालवू नका. त्यात सिलिंडर नसतोच, नुसते त्रिकोण असतात. तेवढा पार्ट नव्याने काढा.

कास्टिंग

कोल्हापूरकडच्या फाउंड्रीतून येणाऱ्या हाउसिंगवर हे हमखास होतं. कास्टिंगला ड्राफ्ट, म्हणजे बाजूंना थोडा उतार, असतो, एक-दोन अंश, साचा निघावा म्हणून. बोअरवर कॉन्सेंट्रिक दिली, मग फेसवर कोइन्सिडंट दिली ती लाल. कारण तो फेस मशीन केलेला नाही, ड्राफ्टवाला आहे, बोअरच्या अक्षाला लंबच नाही. कोइन्सिडंटला फक्त सरकणं खायचं होतं पण ती फेसचा कलही जुळवायला बघते आणि तिथे तर कॉन्सेंट्रिक आधीच बसलीय. मेजरने अक्ष आणि फेस यांचा कोन घ्या, ९० नसेल, ८९.९८ जरी आला तरी ती मेट बसणार नाही. मशीन केलेला फेस शोधा, त्यावरच मेट द्या. कच्च्या फेसवर मेट द्यायचीच नाही हा आमच्याकडे नियमच आहे, शॉपमध्येही कच्च्या फेसवर कुणी जॉब सेट करत नाही. ज्या पार्टला मशीन केलेला फेसच नाही तिथे फेसऐवजी एक बिंदू घ्या.

सगळ्यात महाग: पाया बदलणं

वरचं सगळं करून दर आठवड्याला तेच परत होत असेल तर असेंब्ली चुकीच्या पद्धतीने रचलीय. पार्टला पार्ट, त्याला अजून पार्ट अशी साखळी असते, आणि पहिल्या कडीतली धूळ दहाव्या कडीत जमा होते. उपाय म्हणजे एक स्केलेटन पार्ट, त्यात फक्त अक्ष, प्लेन, पीसीडीचं स्केच, आणि सगळे गोल पार्ट त्या अक्षांवर लावायचे, एकमेकांवर नाही. बोल्ट एकच हाताने लावायचा, बाकी पॅटर्न ड्रिव्हन कंपोनंट पॅटर्नने, भोकांचा पॅटर्न बदलला की बोल्ट आपोआप जातात. एक-दोन दिवस जातात यात. चालू प्रोजेक्टमध्ये करू नका, पुढच्या जॉबला करा.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

इन्व्हेंटरमध्ये इन्सर्ट हे कॉन्सेंट्रिक आणि फेस एकत्र देतं, फिरणं मोकळं राहतं, तिथेही दुसऱ्या भोकाला इन्सर्ट दिलंत तर हेच रडगाणं. एनएक्समधलं कॉन्सेंट्रिक गोल कडा मागतं आणि कडेची पातळीही जुळवतं, नावावरून फसू नका. क्रिओमध्ये अलाव अझम्प्शन्सची खूण चालू असली की तो फिरणं स्वतःच गृहीत धरून पार्ट पूर्ण बसला म्हणून सांगतो, खूण काढून बघा. फ्रीकॅडमध्ये १.० पासून असेंब्ली वर्कबेंच आतच आलंय, तिथे सिलिंड्रिकल आणि रिव्होल्यूट जॉइंट वेगवेगळे आहेत. पहिला सरकू आणि फिरू देतो, दुसरा फक्त फिरू देतो.

ड्रॉइंगवरची कॉन्सेंट्रिसिटी (समअक्षतेची टॉलरन्स) आणि ही मेट यांचा काही संबंध नाही, हा प्रश्न दर महिन्याला येतो. मेट हा मॉडेलमधला आदर्श आहे, टॉलरन्स ही बनवलेल्या वस्तूला दिलेली सूट. अमेरिकन ड्रॉइंग मानक एएसएमई वाय १४.५ मधून २०१८ च्या आवृत्तीत कॉन्सेंट्रिसिटीचं चिन्ह काढूनही टाकलंय, तिथे आता पोझिशन किंवा रनआउट देतात.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

फरक बोल्टच्या मोकळिकीपेक्षा मोठा निघाला आणि पार्ट दुसऱ्याचा आहे, तर थांबा. त्याच्या मॉडेलमधलं भोक सरकवून मेट गप्प करू नका. पार्टच्या मालकाला, म्हणजे ज्याच्या नावावर ड्रॉइंग आहे त्या डिझायनरला, मोजलेले दोन आकडे आणि एक स्क्रीनशॉट पाठवा. दोघांपैकी कुणाचा पीसीडी चुकलाय हे त्यालाच ठरवू द्या.

प्रेशर लाइनवरचा फ्लँज किती अंशात फिरवायचा हा निर्णय कॅडवाल्याचा नाही. पाइपिंग इंजिनिअरला विचारा, एका ओळीची मेल करा, उत्तर येईपर्यंत तो पार्ट मोकळा ठेवा.

फाइल उघडतानाच बंद पडतेय, किंवा कंट्रोल+क्यू केलं की सॉफ्टवेअर गायब होतंय, तर मेटशी खेळणं थांबवा, फाइल खराब होतेय. पॅक अँड गो करून झिप बनवा आणि जिथून लायसन्स घेतलंय त्यांच्या सपोर्टला द्या. सोबत सॉफ्टवेअरची आवृत्ती, सर्व्हिस पॅक आणि शेवटी काय केलं होतं ते लिहा, नाहीतर पहिले दोन दिवस तेच विचारण्यात जातात.

आणि मॉडेल बरोबर आहे पण साइटवर पंप-मोटरचं कपलिंग गरम होतंय, थरथरतंय, अशी तक्रार आली तर सॉलिडवर्क्स बंद करा. मॉडेलमध्ये दोन शाफ्ट तंतोतंत एका रेषेत असणारच, आपणच मेट दिलीय. साइटवर बेसप्लेट वाकलेली असते, मोटरचा एक पाय उचललेला असतो. तिथे डायल किंवा लेझर लावून शिम (पायाखाली घालायच्या पातळ पट्ट्या) घालणारा अलाइनमेंटवाला माणूस लागतो, त्याला बोलवा. पाय सैल करायच्या आधी सप्लाय लॉक करायला सांगा.